दोन जिवांची एकच वार

बाळंतपण झालं की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात. थोड्या वेळाने वार पडते, तिच्याकडे डॉक्टर आणि नर्स सोडून कुणी बघत नाही. पूर्वी घरच्या बाळंतपणात ती परसात खोल खड्डा करून पुरत. आता ती दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत जाते आणि विषय संपतो. पण एकाच वारेवर वाढलेली जुळी जन्मली असतील, तर पोटात असताना कुणी किती दिलं, कुणी किती घेतलं, कुणाच्या वाट्याला किती जागा आली, याचा सगळा जमाखर्च त्या वीतभर रुंद मांसल चकतीवर मांडलेला असतो.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या विद्यापीठ रुग्णालयात अशी वार टाकून देत नाहीत. तिच्या रक्तवाहिन्यांमध्ये रंग भरतात. धमन्यांना वेगळे रंग, शिरांना वेगळे. या बाळाचे निराळे, त्या बाळाचे निराळे. मग वरून फोटो काढतात. फोटोत दोन नाळा दिसतात, त्यांच्यापासून फुटलेल्या फांद्या दिसतात, आणि मधल्या पट्ट्यात एका बाळाचा रंग सरळ दुसऱ्याच्या रंगात शिरलेला दिसतो. दोन माणसांचं रक्त जन्मभर वेगळं असतं असं आपण धरून चालतो. या दोघांचं जन्माआधी एकमेकांत फिरत होतं.

अडचण एवढीच की हा नकाशा हाती येतो तो सगळं होऊन गेल्यावर. डॉक्टरांना तो हवा असतो सोळाव्या-अठराव्या आठवड्यात, जेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पोटावर जेल लावून पडलेली बाई विचारते, "दोघंही नीट आहेत ना?" एकाच वारेवरच्या जुळ्यांत काही बिघडलं, तर दोघं जगतील, एक जगेल की कुणीच नाही, हे बाळांकडे बघून पुरतं कळत नाही. ते त्यांच्यामधल्या, पडद्यावर बहुतेक वेळा न दिसणाऱ्या वाहिन्या ठरवतात. गेल्या चाळीसेक वर्षांत या न दिसणाऱ्या वाहिन्या खुणांवरून वाचायची जी विद्या उभी राहिली आहे, ती मला आजच्या वैद्यकातली सगळ्यात चतुर गोष्ट वाटते.

आधी ही वार एक का होते, ते बघू. आपल्याकडे गरोदर बाईला जोडकेळ खाऊ देत नाहीत, जुळी होतात म्हणून. केळ्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नाही. दोन वेगळी बीजं फळली तर होणारी जुळी म्हणजे एकाच वेळी पोटात आलेली साधी भावंडं. ती काही घराण्यांत जास्त दिसतात, आईच्या वयाप्रमाणे वाढतात, वंध्यत्वावरच्या उपचारांनीही वाढतात. एकाच बीजाचे दोन भाग होऊन होणारी आवळी-जावळी मात्र जगभर जवळपास सारख्याच प्रमाणात होतात, दर हजार बाळंतपणांमागे साधारण चार. येवल्यात तेवढीच, टोकियोतही जवळपास तेवढीच. बीज का दुभंगतं याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही.

कधी दुभंगतं, यावर मात्र पुढचं सगळं अवलंबून असतं. पहिल्या तीन दिवसांत फुटलं तर दोघांच्या वारा वेगळ्या, पिशव्या वेगळ्या. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान फुटलं तर वार एक आणि पाण्याच्या पिशव्या दोन. त्याही नंतर फुटलं तर वार एक, पिशवीही एकच. आणि तेराव्या दिवसाच्या पुढे गेलं तर बाळं एकमेकांना चिकटलेली राहतात. आवळ्या-जावळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जोड्यांची वार एकच असते. बाईला अजून पाळी चुकल्याचंही कळलेलं नसतं आणि पोटातल्या दोघांचा घरवाटा ठरून गेलेला असतो.

येवला तालुक्यातल्याच अंकाई-टंकाईच्या वाटेने कधी वर गेला असाल तर एका वारेचा अर्थ लगेच कळेल. डोंगर दोन, नावं दोन, माथे वेगळे. अंकाईवर अगस्ती ऋषींचं ठाणं, टंकाईच्या अंगाला जैन लेणी. पण दोहोंमधली खिंड एक आणि दोघांना कवेत घेणारी तटबंदीही सामाईक. १६३५ साली शहाजहानच्या सैन्याने हे किल्ले घेतले ते जोडीनेच. खिंड ज्याच्या हातात, त्याला अंकाई वेगळी आणि टंकाई वेगळी असं काही उरत नाही. एका वारेवरच्या जुळ्यांचंही तसंच. एकाचा जीव दुसऱ्यापासून सुटा काढून मोजता येत नाही.

म्हणून जुळ्यांच्या गर्भारपणातला पहिला प्रश्न ‘मुलं किती’ हा नसून ‘वारा किती’ हा असतो. त्याचं उत्तर मिळायची वेळ ठरलेली आहे: अकराव्या आठवड्यापासून चौदावा पूर्ण होण्याआधीपर्यंत. या दिवसांत दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे भिडतो, तिथे सोनोग्राफीचा प्रोब नीट धरला की दोनपैकी एक आकृती दिसते. वारा दोन असतील तर पडद्याच्या बुडाशी वारेचा एक त्रिकोणी कोंब वर घुसलेला दिसतो. डॉक्टर त्याला लॅम्डा म्हणतात. वार एक असेल तर कोंब नसतो. केसासारखा बारीक पडदा काटकोनात येऊन टेकतो, इंग्रजीतल्या टी अक्षरासारखा. दोन सेकंदांचं काम. या आठवड्यांत केलेलं हे निदान जवळजवळ चुकत नाही. पुढे पडदे ताणले जातात, कोंब विरत जातो, आणि विसाव्या आठवड्यात पहिल्यांदा तपासणीला आलेल्या बाईच्या बाबतीत तोच प्रश्न अवघड होऊन बसतो.

इथे आपल्याकडची एक वेगळीच गोष्ट येते. परदेशातल्या रिपोर्टात एक मुलगा, एक मुलगी लिहिलेलं असलं की बीजं दोन, म्हणून वाराही दोन, आणि वारेचा वाद तिथेच मिटतो. आपल्याकडे ते कुणाला सांगणंच गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४चा. तो का करावा लागला हे नाशिक जिल्ह्याला सांगायची गरज नाही. त्यामुळे आपल्या रिपोर्टात वारेच्या त्या एका ओळीचं वजन आणखी वाढतं. ‘जुळी, दोन्हींचे ठोके चांगले’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट अपुरा आहे, असं माझं स्पष्ट मत.

आता त्या वाहिन्यांकडे येऊ. एकाच वारेवरच्या जवळपास सगळ्या जोड्यांमध्ये त्या असतात. जर्मनीतल्या रोस्टॉकचे प्रसूतितज्ज्ञ फ्रीड्रिख शाट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा वारा चिकाटीने तपासल्या आणि या देवघेवीला ‘तिसरं रक्ताभिसरण’ म्हटलं. पहिलं या बाळाचं, दुसरं त्या बाळाचं, तिसरं दोघांचं मिळून. ‘एका पिशवीत पाण्याचा पूर आणि दुसरीत दुष्काळ’ या विकाराचं त्यांनी केलेलं वर्णन १८८२चं आहे.

जोडण्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. पहिली वारेच्या पृष्ठभागावरून जाते: एका बाळाची धमनी थेट दुसऱ्याच्या धमनीला मिळते. तिच्यातून रक्त दोन्ही दिशांना हेलकावतं, ज्याचा दाब जास्त तो ढकलतो. दुसरी खोलात जाते: एका बाळाची धमनी वारेत बुडी मारते आणि तिथून वर येणारी शीर दुसऱ्याच बाळाच्या नाळेकडे निघते. ही एकेरी वाट. असे रस्ते दोन्ही बाजूंनी सारख्याला सारखे असले तर हिशोब जुळतो आणि नऊ महिने कुणाला पत्ताही लागत नाही. बहुतेक जोड्यांचं असंच होतं. पण एकेरी वाटा एका बाजूला जास्त झाल्या तर एक बाळ देणारं ठरतं, दुसरं घेणारं. एका वारेच्या दर शंभर जोड्यांपैकी दहा-पंधरांमध्ये हे घडतं.

नुसतं रक्त इकडून तिकडे गेलं असतं तर गोष्ट सोपी होती. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी पडायला लागलं की त्याची मूत्रपिंडं दुष्काळाची तयारी करतात: लघवी कमी करायची, रक्तदाब चढवणारी द्रव्यं सोडायची. गर्भजल म्हणजे मोठ्या अंशी बाळाची लघवीच. त्यामुळे त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं आणि शेवटी पडदा अंगाला गुंडाळून ते गर्भाशयाच्या भिंतीला चिकटल्यासारखं राहतं. ती दाब चढवणारी द्रव्यं मात्र त्याच वाटांनी पलीकडे जातात. म्हणजे घेणाऱ्या बाळाला रक्तही जास्त मिळतं आणि वर दाब वाढवायचा हुकूमही मिळतो, जो त्याच्यासाठी कधी निघालाच नव्हता. ते लघवी करत सुटतं, त्याच्या पिशवीत पूर येतो, आईचं पोट आठवड्याभरात ताणून टणक होतं आणि बाळाचं हृदय जाड होत थकत जातं. ज्याला जास्त मिळतंय त्याचीच अवस्था अनेकदा आधी बिघडते. गावाकडे ‘एकाने दुसऱ्याचं खाल्लं’ असं म्हणतात; खाणाऱ्यालाही ते पचत नाही.

अमेरिकेतले रुबेन किंटेरो यांनी १९९९ साली या विकाराचे पाच टप्पे मांडले, आणि आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात. पहिला टप्पा पाण्याचा: एका पिशवीत सगळ्यात खोल जागी दोन सेंटिमीटरच्या आत पाणी, दुसरीत आठच्या वर. दुसऱ्यात देणाऱ्याचं मूत्राशय दिसेनासं होतं. कितीही वेळ थांबा, ते भरतच नाही. तिसऱ्यात रक्तप्रवाहाच्या लाटा बिघडतात. चौथ्यात बाळाच्या अंगावर पाणी चढतं. पाचव्यात एक बाळ गेलेलं असतं.

ही शिडी असती तर भाकीत करणं सोपं होतं. पण पहिल्या टप्प्यावरच्या बऱ्याच जोड्या तिथेच थांबतात किंवा आपोआप सुधारतात, आणि एखादी जोडी मधल्या पायऱ्या न चढता पहिल्यावरून थेट पाचव्यावर जाते. टप्पा आज काय आहे ते सांगतो. उद्याचं सांगायला लाटा वाचाव्या लागतात.

त्या लाटांची गोष्ट आकाशात सुरू होते. १८४२ साली प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लर यांनी एक निबंध वाचला, विषय होता जोडताऱ्यांचा रंगीत प्रकाश. आपल्याकडे येणाऱ्या वस्तूच्या लहरी दाटतात, दूर जाणाऱ्याच्या विरळ होतात, हे त्यांचं सूत्र. ताऱ्यांच्या रंगाबाबत त्यांचा अंदाज चुकला, सूत्र बरोबर निघालं. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी चक्क आगगाडीत तुतारीवाले बसवून ते तपासलं. अंकाई स्टेशनावर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा आपल्याला ओलांडताक्षणी खाली उतरतो, तो हाच प्रकार. सोनोग्राफीत गाडीच्या जागी रक्तातल्या तांबड्या पेशी असतात. डब्लिनमध्ये फिट्झगेराल्ड आणि ड्रम यांनी १९७७ साली बाळाच्या नाळेतला प्रवाह या पद्धतीने मोजून दाखवला. जोडताऱ्यांसाठी काढलेलं गणित पोटातल्या जोडीच्या कामी येतं, हा योगायोग मला फार आवडतो.

नाळेच्या धमनीतली लाट पडद्यावर डोंगररांगेसारखी उमटते. हृदय आकुंचन पावलं की शिखर, सैल पडलं की उतार. निरोगी वारेत उताराच्या तळाशीही प्रवाह पुढेच जात राहतो, कारण वार रक्ताला अडवत नाही. वारेचा वाटा तोकडा असला की तळाशी प्रवाह थांबतो. रेघ शून्याला टेकते. आणखी बिघडलं की उलट फिरते. एकट्या बाळाच्या गर्भारपणात हे दिसलं की डॉक्टरांची धावपळ सुरू होते. जुळ्यांत मात्र याच रेघेचे तीन वेगळे अर्थ निघतात, आणि तिथेच सगळं कसब आहे.

दोघांत पाण्याची तफावत नाही, पण एक बाळ वाढतच नाही, असाही एक विकार आहे. वारेची वाटणी असमान झालेली असते. एकाच्या नाळेला भरघोस जागा, दुसऱ्याची कडेला कशीबशी टांगलेली. बार्सिलोनाच्या एदुआर्द ग्राताकोस यांनी २००७ साली अशा लहान बाळांच्या नाळेतल्या लाटेवरून तीन प्रकार पाडले. पहिल्यात तळाशी प्रवाह पुढेच जातो. अशा जोड्या नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा तरून जातात. दुसऱ्यात तळाचा प्रवाह सतत थांबलेला किंवा उलटा असतो. यांतली बहुतेक बाळं आठवड्या-आठवड्याने खालावत जातात, पण ते खालावणं दिसतं, त्यामुळे काही ठरवायला वेळ मिळतो.

तिसरा प्रकार चक्रावून टाकणारा. इथे लाट काही सेकंद पुढे जाते, मग थांबते, मग उलटी होते, मग परत पुढे. चक्र चालूच. का? तर दोन्ही नाळा जवळजवळ असतात आणि त्यांना जोडणारी पृष्ठभागावरची धमनी चांगली जाड असते. मोठ्या बाळाच्या हृदयाचा दाब तिच्यातून थेट लहान बाळाच्या नाळेपर्यंत पोचतो. दोन्ही हृदयांचे ठोके अगदी सारखे नसतात. समजा एकाचे मिनिटाला १४४ आणि दुसऱ्याचे १४०. मग मिनिटातून चार वेळा दोघांचे ठोके एकत्र येतात आणि चार वेळा एकमेकांविरुद्ध पडतात. एकत्र आले की लाट एक रूप घेते, विरुद्ध पडले की दुसरं. पडद्यावर जे हेलकावताना दिसतं, ते दोन हृदयांचं अंतर आहे. न दिसणारी वाहिनी इथे आपली सही करून जाते.

आणि ती वाहिनी करते काय? लहान बाळाला जगवते. त्याच्या वाट्याची वार इतकी अपुरी असते की एकट्याच्या बळावर ते केव्हाच गेलं असतं. मोठं भावंड त्याला त्या वाटेने रक्त पुरवत राहतं. म्हणून तिसऱ्या प्रकारातलं बाळ दुसऱ्या प्रकारातल्यासारखं खालावताना दिसत नाही. आठवडेच्या आठवडे तपासण्या ठीक येतात. आणि मग एखाद्या दिवशी काहीही सूचना न देता ते जातं. ग्राताकोस यांच्या त्या मालिकेत तिसऱ्या प्रकारातली सुमारे १५ टक्के लहान बाळं अशी अचानक गेली होती, आणि मोठ्या बाळांपैकी जवळपास पाचव्या हिश्शात मेंदूला इजा आढळली होती. कारण त्याच जाड वाटेने, लहान्याचे ठोके क्षणभर मंदावले की मोठ्याचं रक्त तिकडे लोटतं. त्या आठवड्यांत बाळाच्या अंगात वारेसकट मिळून रक्त असतं तरी किती! वीस आठवड्यांचं, ३०० ग्रॅमच्या आसपासचं बाळ धरलं तर तीस-चाळीस मिलिलिटर. त्यातलं थोडं जरी झपकन गेलं तरी मेंदूला फटका बसतो.

म्हणजे जीव लावून तगवणारी आणि दोघांना घेऊन बुडवणारी वाहिनी एकच. भाकिताच्या शास्त्राला याहून अवघड गणित कुणी घालून दिलं असेल असं वाटत नाही.

या प्रकारात मला आणखी एक बारकावा विलक्षण वाटतो. तो हेलकावा दिसायचा तर प्रोब नाळ वारेला मिळते त्या टोकाजवळ धरावा लागतो आणि पडद्यावरची रेघ संथ गतीने सरकवावी लागते, म्हणजे एका चौकटीत बरेच ठोके मावतात. नाळेच्या मधल्या भागात, नेहमीच्या वेगाने, तीन-चार ठोके बघून बटण दाबलं तर कधी प्रकार पहिला दिसेल, कधी दुसरा. बाहेर वीस बायका नंबर लावून बसलेल्या असताना त्या एका पोटावर डॉक्टर किती वेळ थांबले, यावर निदान बदलू शकतं.

एक बाळ पोटात गेलं तर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न याच जोडण्यांमुळे भीषण होतो. वारा दोन असतील तर मागे राहिलेलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहतं. वार एक असेल तर गेलेल्या बाळाच्या सैल पडलेल्या वाहिन्यांमध्ये जिवंत बाळाचं रक्त ओतलं जातं, काही मिनिटांत. निरनिराळ्या अभ्यासांचा २०११ साली एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा मागे राहिलेल्या अशा शंभरांतली सुमारे पंधरा बाळंही गेलेली होती आणि वाचलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला मेंदूची इजा होती. गंमत, गंमत कसली, क्रूर गोष्ट अशी की एक बाळ गेल्याचं कळल्यावर घाईने बाळंतपण करून सहसा काही साधत नाही. जे व्हायचं ते कळण्याआधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून सगळा भर आधी ओळखण्यावर.

आणि ओळखलं तर करता येतं, हे या विद्येचं दुसरं आश्चर्य. अमेरिकेतले ज्युलियन डी लिया यांनी गर्भाशयात दुर्बीण घालून या जोडवाहिन्या लेसरने जाळून बंद केल्या. त्यांचा पहिला निबंध १९९०चा. दोन-तीन मिलिमीटर जाडीची नळी आईच्या पोटातून घेणाऱ्या बाळाच्या पिशवीत जाते, बहुधा तेवढ्याच जागेला भूल देऊन. सर्जन वारेच्या पृष्ठभागावर धमनीमागून धमनी तपासत जातो. एरवी प्रत्येक धमनी बुडी मारते तिथेच त्याच बाळाची शीर वर येते. जिथे जोडी फुटलेली दिसते, धमनी याची आणि शीर त्याची, तिथे लेसर. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २००४ साली आला: नुसतं वाढलेलं पाणी काढत राहण्याच्या जुन्या पद्धतीत निदान एक बाळ २८ दिवसांचं होण्याचं प्रमाण ५६ टक्के, लेसरमध्ये ७६ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१४ साली आणखी एक सुधारणा सिद्ध झाली: जाळलेले ठिपके एका रेषेने जोडून वारेचे सलग दोन भाग करायचे. त्या पद्धतीचं नाव सॉलोमन, बायबलमधल्या बाळ वाटून द्यायला निघालेल्या न्यायी राजावरून. डॉक्टर मंडळी फार विनोदी नसतात हा समज इथे खोटा पडतो.

लेसरनंतर कोण जगणार, याचं भाकीत दोघांसाठी दोन वेगळ्या गोष्टींवरून करतात. देणाऱ्या बाळाच्या नाळेत तळाचा प्रवाह आधीपासून थांबलेला असेल तर त्याची आशा कमी होते, कारण गळती थांबवली तरी वारेतला त्याचा तोकडा वाटा वाढत नाही. उलट आजवर पलीकडून मिळणारी मदतही तुटते. घेणाऱ्याचा प्रश्न जागेचा नसून हृदयाचा असतो. यकृतातून हृदयाकडे जाणाऱ्या एका छोट्या शिरेत प्रवाह उलटा फिरत असेल तर ते हृदय मेटाकुटीला आलेलं असतं. पण ओझं उतरलं तर ते सावरूही शकतं. वजनांतली तफावत, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी, कितवा आठवडा चालू आहे, हेही हिशोबात धरतात. त्यांतून निघणारे आकडे मोठ्या गटाबद्दल बऱ्यापैकी खरे ठरतात आणि समोरच्या एका जोडीबद्दल अनेकदा हुलकावणी देतात. आई-बापाला सांगताना म्हणून अनुभवी डॉक्टर एक आकडा देत नाहीत, तीन देतात: दोघं, निदान एक, आणि कुणीही नाही.

हे लेसर नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी होत नाही. त्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरातल्या मोजक्या केंद्रांपर्यंत जावं लागतं. येवल्याहून नाशिकच ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, मुंबई अडीचशेच्या घरात. पण ओळखायचं काम येवल्यात होऊ शकतं, आणि व्हायला हवं. सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी, हा जगभरचा नियम. दर वेळी चारच गोष्टी: दोन्ही पिशव्यांतलं पाणी, दोन्ही मूत्राशयं, दोघांची वाढ, दोघांच्या लाटा. पंधराच दिवस का? कारण भाकीत तेवढंच टिकतं. बारा आठवड्यांना दिसणारा उंचीतला किंवा मानेमागच्या पाण्यातला फरक पुढच्या त्रासाची चाहूल देतो खरा, पण तो असलेल्या कित्येक जोड्या सुखरूप पार पडतात आणि काहीच खूण नसलेल्या काही अडकतात. मागावर बसणाऱ्या किंवा कांद्याच्या चाळीत राबणाऱ्या बाईला महिन्यातले दोन दिवस मोडणं सोपं नाही, हे मान्य. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या नऊ तारखेला मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते, जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लागते. पण एका वारेच्या जुळ्यांना महिन्यातून एक तारीख पुरत नाही. आणि पोट आठवड्याभरात भसकन वाढलं, धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं.

पाणी सारखं, वाढही सारखी, तरी एक विकार हळूच चालू राहतो. एक मिलिमीटरपेक्षाही बारीक वाहिन्यांतून रक्त थेंबाथेंबाने एका बाजूला झिरपतं. एक बाळ पांढरंफटक होत जातं, दुसरं लालबुंद. तो ओळखतात मेंदूच्या धमनीतल्या वेगावरून: पातळ रक्त जोरात धावतं, दाट रक्त रेंगाळतं. लायडनच्या डॉक्टरांनी या विकाराला वेगळं नाव दिलं ते या शतकात. पण १६१७ सालच्या एका डच चित्रात दुपट्यात गुंडाळलेली जुळी आहेत, एक फिकट आणि एक तांबडं, आणि काही डॉक्टरांनी त्यात चारशे वर्षांपूर्वीची हीच देवघेव ओळखली आहे. चित्रकाराने दिसलं ते रंगवलं होतं.

सगळं सुरळीत असलं तरी अशी जुळी छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या पुढे सहसा नेत नाहीत. जन्म झाल्यावरही एक तपास बाकी राहतो. दोघांचं हिमोग्लोबिन मोजतात. त्यात आठ ग्रॅमपेक्षा जास्त तफावत निघाली तर कोवळ्या तांबड्या पेशी किती आहेत ते बघतात. फिकट बाळात त्या भरपूर असतील तर रक्त कित्येक आठवडे झिरपत होतं आणि त्याची हाडं नवं रक्त बनवायला झटत होती. नसतील तर जे काही गेलं ते बाळंतपणाच्या त्या तासात गेलं. पहिल्या शक्यतेत डॉक्टर जुने रिपोर्ट काढून बसतात आणि मेंदूच्या धमनीतला तो वेग कुठल्या तपासणीत निसटला ते शोधतात.